खानदेशात शेतीची बातमीदारी शिकवा

मागणी आधी मांडतो, कारणं मागाहून. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आणि धुळ्याचं कृषी महाविद्यालय या दोघांनी मिळून कृषी संवाद व पत्रकारितेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवावा. शिकवणं मराठीतून, परीक्षा मराठीतून आणि निम्मे दिवस वर्गाबाहेर. नवी इमारत नको. उद्घाटनाला कुणी मोठं माणूस आलं नाही तरी चालेल.

१. पाटी कोरी नाही, पण पाटीवरचं अक्षर इंग्रजी आहे.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या डीन्स कमिटीने बीएस्सी कृषीसाठी जे वैकल्पिक विषय सुचवले, त्यांत कृषी पत्रकारिता होती. तीन क्रेडिटचा विषय. माहिती कशी गोळा करायची, लेख कसा लिहायचा, मथळा, मुद्रितशोधन, पानाची मांडणी, सगळं त्यात आहे. मजकुराची वाचनीयता मोजायची सूत्रंसुद्धा आहेत. ही सूत्रं इंग्रजी वाक्यांची लांबी आणि इंग्रजी शब्दांतले उच्चारखंड मोजून बेतलेली. त्यांत आपली ‘बीजप्रक्रिया’ आणि ‘आंतरमशागत’ घातली, तर हा मजकूर पदवीधरालाच कळेल असं उत्तर यायचं. वास्तविक रावेरच्या बांधावर सातवी शिकलेला माणूस हे दोन्ही शब्द रोज वापरतो.

बीएस्सी कृषीचं माध्यम इंग्रजी, म्हणून पत्रकारितेचा पेपरही इंग्रजीत. ज्याला उद्या मराठी शेतकऱ्यासाठी लिहायचं आहे, तो ‘फार्म स्टोरी’ची व्याख्या इंग्रजीत पाठ करतो आणि गुण घेऊन मोकळा होतो. बरं, त्यात पोरांचा दोष काय? जे विचारलं जाईल तेच ती वाचणार.

२. दोन घरं आहेत आणि मधे भिंत आहे.

जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये पुण्यापासून वेगळं झालं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचं क्षेत्र. धुळ्याचं कृषी महाविद्यालय मात्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. एकाचा कारभार उच्च शिक्षण खात्याकडे, दुसऱ्याचा कृषी खात्याकडे. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला बातमीचा पहिला परिच्छेद कसा बांधायचा ते येतं, पण केळी कधी लावतात आणि कधी कापतात हे त्याला ठाऊक नसतं. कृषीच्या विद्यार्थ्याला करप्याची बुरशी ओळखता येते, पण समोरच्या माणसाला बोलतं करता येत नाही. दोघांत अंतर शंभर किलोमीटरही नाही. राष्ट्रीय महामार्ग आहे, एसटी आहे. नाही तो फक्त दोघांना जोडणारा कागद.

३. भावाच्या बातमीपासून सुरुवात करा. तिथेच खरी परीक्षा आहे.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात सकाळी फोनवर पहिली चौकशी केळीच्या भावाची. त्यातही एकच भाव नसतो. नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा आणि वापसीचा तर काय मिळेल तो. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे त्याच बुंध्यालगतच्या पिलावर घेतलेलं पुढचं पीक, कांदेबाग म्हणजे पावसाळा सरल्यावर लावलेली बाग, वापसी म्हणजे निवडून उरलेला. शेजारी मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरचा बाजार. तिथला भाव आणि रावेरचा भाव यांची तुलना गावागावात रोज होते. आणि मुख्य तक्रार याच्याही पुढची: बाजाराच्या बोर्डावर लिहिलेल्या भावाने कापणी होतेच असं नाही. माल शेतातून कापला जातो, ट्रक बांधावर लागलेला असतो, झाडावर घड पिकायला आलेले असतात. अशा वेळी व्यापारी ‘आज एवढाच’ म्हणाला की शेतकरी काय करणार?

आता पेपरातली बातमी बघा. ‘केळीच्या भावात घसरण, शेतकरी हवालदिल.’ कोणत्या केळीच्या? बोर्डाच्या भावात की प्रत्यक्ष खरेदीच्या? कालच्या तुलनेत की गेल्या वर्षीच्या याच आठवड्याच्या? उत्तरेकडच्या बाजारात मागणी कमी झाली, की एकदम कापणी आल्यामुळे माल वाढला? यातलं काहीच नसतं. ‘हवालदिल’ हा शब्द मात्र न चुकता असतो.

कापसाचंही तेच. धुळे, पारोळा, अमळनेरकडे खेडा खरेदी चालते. व्यापारी गावात येऊन दारात काटा लावतो. पेपरात हमीभाव छापतात. शेतकऱ्याच्या हातात पडतो तो भाव ओलाव्यावर ठरतो. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) आठ टक्के ओलावा प्रमाण धरतं, त्यावर गेलं की भाव कमी होत जातो आणि बारा टक्क्यांपुढे माल घेतच नाही. पहिल्या वेचणीचा कापूस, त्यात परतीचा पाऊस झालेला असला तर ओलावा किती निघणार हे सांगायला ज्योतिषी नको. हमीभावाची बातमी ओलाव्याच्या तक्त्याशिवाय छापणं म्हणजे अर्धी बातमी छापणं. अभ्यासक्रमाच्या पहिल्या तीन महिन्यांत विद्यार्थ्याने फक्त भावाच्या बातम्या लिहिल्या तरी मी ते वर्ष सत्कारणी लागलं म्हणेन.

४. विम्याची बातमी आकड्यांतून लिहायची असते, भावनेतून नव्हे.

केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. यात नुकसान डोळ्यांनी बघून भरपाई ठरत नाही. ठरलेल्या काळात तापमान सलग किती दिवस किती अंशांखाली गेलं किंवा किती अंशांवर चढलं, वारा किती वेगाने सुटला, हे त्या महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र सांगतं. ‘महावेध’ प्रकल्पातून अशी केंद्रं राज्यभर मंडळामंडळात बसवली गेली आहेत. थंडीने केळीला चरका बसला, पानं पिवळी पडली, घड अडकले, तरी केंद्राचा आकडा एका अंशाने वर असेल तर हातात काही नाही. शेजारच्या मंडळाला पैसे, आपल्याला शून्य. बांधाला बांध लागून असलेल्या दोन भावांत असा फरक पडू शकतो.

या विषयावर दर वर्षी मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, नेत्यांची भाषणं होतात आणि ते सगळं छापून येतं. छापून येत नाही ते असं: त्या योजनेच्या शासन निर्णयातला तक्ता नेमका काय म्हणतो, केंद्र नदीकाठी आहे की गावठाणात, ते बागांपासून किती लांब, कोणत्या तारखांना काय नोंद झाली, नोंद तुटली असेल तर त्या दिवसांसाठी काय धरलं. हे विचारायला बीएस्सी लागत नाही. तक्ता वाचता यावा लागतो, आणि अधिकाऱ्यासमोर बसून तोच प्रश्न पुन्हा विचारायची हिंमत लागते. या दोन्ही गोष्टी शिकवता येतात.

एक जोड. पीकविम्यात स्थानिक आपत्तीचं नुकसान ७२ तासांत कळवायची अट होती, तेव्हाही गारपिटीच्या बातमीत पालकमंत्र्यांच्या दौऱ्याला चार ओळी आणि ७२ तासांना एकही नाही, असं सर्रास व्हायचं. वाचकाला त्या दिवशी दौऱ्याचं काय करायचं होतं?

५. यशोगाथा थांबवा, असं मी म्हणत नाही. तिचा हिशेब पूर्ण करा.

शेतीच्या लिखाणात सगळ्यांत जास्त पीक यशोगाथेचं. नमुना ठरलेला: अमक्या तरुणाने नोकरी सोडली, दोन एकरांत अमुक लावलं, इतक्या लाखांचं उत्पन्न घेतलं, सोबत बागेत उभा राहून घड धरलेला फोटो. हा नमुना घेऊन वर्गात बसावं आणि लाल पेनाने प्रश्न लिहावेत. लाखांचा आकडा विक्रीचा आहे की खर्च वजा जाता? टिश्यू कल्चर रोपांचे, ठिबकचे पैसे कुणी दिले, अनुदान किती, ते मिळायला किती महिने लागले? घरच्या बायकांची मजुरी धरली का? विहिरीला पाणी किती महिने? जमीन स्वतःची की बटाईची? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो कधीच विचारला जात नाही: पुढच्या वर्षी काय झालं?

एका यशोगाथेने शिवारात दहा जण तेच पीक लावतात. माल एकदम बाजारात येतो, भाव कोसळतो. त्या दहा जणांवर कुणी लेख लिहीत नाही. जळगाव हे ठिबकचं आणि उतीसंवर्धित रोपांचं मोठं केंद्र आहे, याचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि असावा. पण जिथे निविष्ठा विकणारे मोठे, तिथे लिहिणाऱ्याची नजर आणखी कोरडी हवी. तालुक्याच्या वार्ताहराचं पोट पुष्कळदा जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे या धंद्यातलं उघड गुपित. तेच बियाणं, तेच खत, त्याचीच जाहिरात आणि त्याचीच बातमी. ज्याला हे माहीत नाही तो भोळा; माहीत असून अभ्यासक्रमात यावर एकही तास ठेवणार नाही, त्याला मी शिक्षक म्हणणार नाही.

६. रावेचं सत्र फुकट जातं.

म्हणजे रावेर नव्हे, ‘रावे’: ग्रामीण कृषी कार्यानुभव. बीएस्सी कृषीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी गावात जाऊन राहतात. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. त्यांच्या बातम्या आपण सगळे वाचतो: कृषिकन्यांनी बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवलं, सरपंच, ग्रामसेवक व प्रगतशील शेतकरी उपस्थित होते, प्राचार्यांचं व कार्यक्रम अधिकाऱ्यांचं मार्गदर्शन लाभलं. आठ-दहा नावं आणि एक ग्रुप फोटो. बातमीत शेतकरी आहे, पण त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. तो फक्त उपस्थित आहे.

एवढे महिने गावात राहून मुलींना किती गोष्टी दिसत असतील! कुणाच्या शेतात बोंडअळीचा सापळा आहे आणि कुणाच्या नाही, मजूर कुठून येतात, सोसायटीचं कर्ज कुणाचं थकलं. त्याच मुलींना प्रेसनोटऐवजी एक खरी बातमी लिहायला लावा. पैसा लागणार नाही, फक्त त्यांच्या मार्गदर्शकांना आपलं नाव बातमीत नसण्याची सवय करावी लागेल.

७. कृषी केंद्राचा दुकानदार हाच आज जिल्ह्यातला सर्वांत मोठा कृषी संवादक आहे.

पानावर डाग दिसला की शेतकरी पान तोडून खिशात घालतो आणि दुकानावर जातो. दुकानदार बघतो आणि बाटली देतो. हे सरकारलाही कळलं, म्हणून हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ पदविका काढली. चांगलंच केलं. पण औषध विकणाऱ्यासाठी पदविका आहे आणि त्या औषधाबद्दल लिहिणाऱ्याची इथे कुणाला आठवण नाही, ही गंमत बघा.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला होता. प्रत्येक डब्यावर विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डब्याच्या आत घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही वाचणं कठीण. फवारणारा मजूर बहुतेकदा तो डबा बघतही नाही. त्याच्या हातात थेट पंप येतो. त्याच्यापर्यंत लाल त्रिकोण कसा पोहोचवायचा? पत्रकाने नाही पोहोचणार. गावातल्या स्पीकरवरून, मजुरांच्या ठिय्यावर, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून पोहोचेल कदाचित. हा संवादशास्त्राचा धडा आहे, आणि अमेरिकेतल्या पुस्तकापेक्षा चोपड्याच्या चौकात तो लवकर शिकता येईल.

८. तरी पुस्तकंही वाचावीत.

विस्कॉन्सिन विद्यापीठाने कृषी पत्रकारितेचा विभाग १९०८ मध्ये काढला. आयोवात १९४३ साली रायन आणि ग्रॉस यांनी संकरित मक्याचा अभ्यास छापला. त्यात निघालं की शेतकऱ्याला बियाण्याची बातमी आधी विक्रेत्याकडून कळते, पण त्याचं मन वळतं ते शेजाऱ्याचं शेत पाहून. आपल्याकडे कुठल्याही पारावर हे फुकट सांगितलं असतं, ही गोष्ट वेगळी.

त्याहून आपल्या कामाचा प्रयोग पुण्याचा. १९५६ मध्ये आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी महाराष्ट्रातल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, मंडळी एकत्र बसून ऐकणार, मग आपापसांत चर्चा करणार आणि प्रश्न केंद्राकडे पाठवणार. पुढच्या कार्यक्रमात उत्तर. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. यातली महत्त्वाची गोष्ट रेडिओ नव्हे, उलट येणारा प्रश्न. १९६७ मध्ये दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ आलं, पुढे ‘आमची माती आमची माणसं’ घराघरांत पोहोचलं, २००५ मध्ये ‘ॲग्रोवन’ हे शेतीचं दैनिक निघालं. आज तर प्रत्येकाच्या खिशात स्क्रीन आहे, केळीचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, यूट्यूबवर बांधावरून बोलणारे तरुण आहेत. पण प्रश्न विचारल्यावर जबाबदार माणसाचं उत्तर येईल अशी सोय १९५६ इतकी पक्की आहे का? ग्रुपवर उत्तर येतं, तेही दोन मिनिटांत, पण ते कुणी दिलं आणि त्याचं दुकान कुठे आहे हे कळत नाही.

९. बोलीचा एक पेपर ठेवा.

साक्रीकडे ‘कापूसना भाव काय शे, भाऊ?’ असं विचारलं की माणूस खुलतो. यावल-रावेरला लेवा बोली, सातपुड्यात पावरी. मुलाखत बोलीत घ्यायची, मजकूर साध्या मराठीत लिहायचा, पण बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत ठेवायचं. ज्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे, त्याला हे मी वेगळं पटवून द्यायला नको.

१०. घरातली बातमी घराला माहीत नाही.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने भुईमुगाचा एक वाण दिला: जेएल २४, म्हणजेच फुले प्रगती. ‘जेएल’ म्हणजे जळगाव. उपटी जातीचा, लवकर तयार होणारा. देशभर तो पेरला गेलाच, पण आफ्रिकेतही गेला. मलावीत तो ‘काकोमा’ नावाने प्रसारित झाला, झांबियात ‘लुएना’ नावाने. जळगावच्या मातीत निवडलेलं बी परक्या देशातल्या बाया पेरतात, सोलतात, बाजारात विकतात. ही गोष्ट जळगावच्या किती शाळकरी पोरांना माहीत आहे? केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या आल्या. त्या मानांकनाचा शेतकऱ्याला किलोमागे काय फायदा झाला, याचा पाठपुरावा करणारी लेखमाला मात्र माझ्या वाचनात नाही. तेलबिया संशोधन केंद्र आहे, केळी संशोधन केंद्र आहे, पालला आणि धुळ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. शास्त्रज्ञ आपले अहवाल इंग्रजीत लिहून वर पाठवतात. मधला माणूस नाही.

११. ‘नोकरी कुठे?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे.

दैनिकांत जागा कमी आहेत हे खरं. पण शेतकरी उत्पादक कंपन्यांना, कृषी विज्ञान केंद्रांना, आकाशवाणीला, सामुदायिक रेडिओला, सिंचन आणि बियाण्याच्या उद्योगांना लिहू-बोलू शकणारी शेतीची जाणकार माणसं लागतात. काही विद्यार्थी कंपनीत जातील, जाऊ द्या. तिथेही खरं लिहिणारा एखादा असलेला बरा. काही जण शेती करता करता स्वतःचं चॅनेल चालवतील. मुकुंदराव पाटलांनी नेवाशाजवळच्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ हे पत्र १९६७ पर्यंत चालवलं, ते सुरू केलं होतं १९१० मध्ये. अमळनेरहून साने गुरुजींनी १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं आणि त्यात खानदेशातल्या शेतकरी-कामगारांची दुःखं मांडली. त्यांना कुणी कॅम्पस मुलाखतीला बोलावलं नव्हतं. अर्थात आजच्या पोराला त्यागाचे दाखले देऊन फी मागणं बरोबर नाही. म्हणून फी कमी ठेवावी आणि संध्याकाळची तुकडी काढावी. तालुक्याचे वार्ताहर, कृषी सहायक, बचत गटाच्या ताई, ज्यांना येता येईल त्यांनी यावं.

१२. पैशाबद्दल एक अट.

निविष्ठा कंपनीने वर्ग, कॅमेरे, शिष्यवृत्ती दिली तर घ्यावी, पण नाव फलकावर एकदाच लागेल आणि अभ्यास मंडळावर त्यांचा प्रतिनिधी बसणार नाही, हे लेखी असावं. सरकारी खात्यालाही तोच नियम. कृषी खात्याच्या योजनांची पत्रकं वाटायला हा अभ्यासक्रम नाही.

१३. राहिलं ते कागदाचं काम.

जळगावला अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेची मंजुरी लागेल. धुळ्याला राहुरीचा होकार लागेल, कारण तिथून पान हलल्याशिवाय इथे हलत नाही. दोन विद्यापीठांत सामंजस्य करार लागेल. जूनमध्ये प्रवेश द्यायचे असतील तर मसुदा आधीच्या दिवाळीपूर्वी मंडळासमोर जायला हवा, म्हणजे लिहायला पावसाळ्यात बसावं लागेल. मसुदा लिहिणाऱ्यांत दोन प्राध्यापक, एक उपसंपादक आणि केळी-कापूस पिकवणारा, हिशेबाची वही ठेवणारा एक शेतकरी असावा. बैठकीचा दिवस परस्पर ठरवू नका, सावद्याकडे कापणीची गडबड असली तर तो यायचा नाही. दिवस त्यालाच विचारून ठरवा.